कोऱ्या कपाळाने भरलेला अर्ज

घराघरांतून तळणाचा वास यायला लागला, की ती घटना अजूनही माझ्यासमोर येऊन बसते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नर्मदेतून प्रेतं काढली. पण कुणी म्हटलं की साहेब, एखादी केस सांगा, तर ओठावर हीच येते. हिच्यात रक्त सांडलं नाही, कुणाला शिक्षा झाली नाही, कोर्टाची पायरीही तिने पाहिली नाही. हरवलेल्या माणसांच्या सदरात ती उघडली आणि त्याच सदरात बंद झाली. नावं मी कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसं हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांची मुलंबाळं याच शहरात राहतात.

मी आठवी शिकलेला. वडील गेले, शाळा सुटली, आणि मामाने मला काटोलकडच्या आमच्या खेड्यातून जबलपूरला आणलं. निघताना मोठ्या बहिणीने, आमच्या ताईने, शिदोरी बांधून दिली आणि बजावलं, की रडत परत आलास तर दार उघडणार नाही. सांगताना रडत तीच होती. मी परत गेलो नाही. या शहराने मला वर्दी दिली, डोक्यावर छप्पर दिलं, बायकामुलं इथलीच. त्याचे उपकार मी मानतो. तरी पहिल्या दिवसापासून पोटात एक धाकधूक असायची, की कुणीतरी वरचा साहेब एक दिवस कागद उलटून म्हणेल, अरे आठवीवाल्या, तुला चुकून घेतलं होतं, जा परत. म्हणून प्रत्येक सही मी दोनदा तपासायचो. पुष्कळ वर्षं ठाण्याची मुन्शीगिरी, म्हणजे लिखापढीचं काम, केलं. आमच्याकडे मुन्शीला दीवानजी म्हणतात. पुढे बढती होऊन एएसआय झालो, तरी सगळ्यांसाठी दीवानजीच राहिलो.

पोलिसाची रजा आणि निवडणूक यांचं जुनं वैर आहे. आमच्या राज्यात विधानसभेची निवडणूक नेमकी दिवाळीच्या आगेमागे येते. आचारसंहिता लागली की रजा बंद, आणि निवडणूक नसली तरी दिवाळीचा बंदोबस्त असतोच. मग भाऊबीजेला गावी ताई ताट घेऊन अंगणात यायची आणि चंद्राला ओवाळायची. जिला भाऊ नाही, किंवा जिचा भाऊ आला नाही, तिने चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. ती मला फोनवर सांगायची, की चंद्र तुझ्याहून बरा, निदान येतो तरी.

आता ज्यांच्यामुळे ही केस उभी राहिली त्यांच्याविषयी. महाराष्ट्रात आमदार म्हणतात, आमच्याकडे विधायकजी. हे विधायकजी आमच्या ठाण्याच्या हद्दीतल्या गढ्यातलेच, जबलपूरच्या या जुन्या वस्तीत वाढलेले. पहिल्यांदा अपक्ष उभे राहिले आणि अनामतही वाचली नाही. मी तेव्हा मतमोजणीच्या दारावर साधा शिपाई होतो. ते एकटेच बाहेर आले. सोबतचे सगळे निकालाआधीच पांगले होते. त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं, माझ्याच बाटलीतून प्यायले आणि म्हणाले, भैया, याद रखूँगा. त्यांनी खरंच लक्षात ठेवलं. पुढे कितीही मोठे झाले तरी बंदोबस्तात मी दिसलो की गाडीची काच खाली व्हायची.

दुसऱ्या वेळी त्यांना पक्षाचं तिकीट मिळालं. भाऊबीजेच्या दिवशी गढ्याच्या गल्ल्यांतून हात जोडत फिरत असताना एका दारात एक मराठी बाई ओवाळणीचं ताट घेऊन उभी दिसली. ही बाई शिवणकाम करून संसार चालवणारी, तरुणपणीच विधवा झालेली. पदरात एक मुलगा. विधायकजी गमतीने म्हणाले, दीदी, हमको भी टीका लगा दो. तिने त्यांना आत नेलं, पाटावर बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. त्या वर्षी ते निवडून आले. तिसऱ्या वेळी अर्ज भरण्याआधी ते आठवणीने तिच्याकडे टिळा लावून घ्यायला गेले आणि आधीपेक्षा मोठ्या फरकाने जिंकले. चौथ्या निवडणुकीत दीदी नेमक्या माहेरी गेल्या होत्या. विधायकजी हरले. पाचव्या वेळी टिळा लागला, परत जिंकले.

हा ताळा गढ्यातलं शेंबडं पोरही मांडून दाखवायचं. चौथ्या वेळच्या हरण्याचं कारण मला तरी दुसरं दिसत होतं. त्या पावसाळ्यात त्यांच्याच मतदारसंघातल्या गोहलपूर मोहल्ल्यात नाल्याचं पाणी लोकांच्या कारखान्यांत शिरलं होतं आणि विधायकजी भोपाळला होते. मी तिथे दोरी धरून कमरेइतक्या पाण्यात उभा होतो, लोक काय बोलत होते ते ऐकत होतो. पण वर्तमानपत्रात नाल्याचा फोटो एकदा येतो, टिळ्याचा दरवर्षी. हरल्यापासून दर भाऊबीजेला दीदींच्या दारात फुलांची माळ लागायची, कॅमेरे यायचे. त्यांच्या मुलाला विधायकजींच्या कार्यालयात काम मिळालं. चांदीचं तबक आलं, चांदीचं निरांजन आलं. दीदी गढ्यात कुणाची तरी बहीण नव्हे, निवडणुकीची बहीण झाल्या.

सहाव्या निवडणुकीला अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस नेमका भाऊबीजेला आला. पोस्टर आधीच लागले होते. दीदींचा टिळा, तिथून मिरवणूक, मग कलेक्टर कचेरी, असा कार्यक्रम. आणि आदल्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, दीदी देवळात जाते म्हणून घरातून निघाल्या त्या परतल्या नाहीत.

दुपारी मुलगा ठाण्यात आला. मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो, गणपतीत भेटायचो.  फोन घरीच ठेवून गेली, म्हणाला, काका, सगळीकडे पाहून राहिलो, कुठेच नाही. नातेवाइकांना विचारलं का, असं मी विचारलं. मामाकडे फोन केला, म्हणाला. मामाचं गाव नागपूर रस्त्यावरच्या मनसरच्या फाट्यावरून आत. मामेभावाने सांगितलं, आत्या इकडे आली नाही. मी तक्रार लिहून घेतली, वर्णन लिहिलं, रुग्णालयांत आणि नदीच्या घाटांवर विचारपूस सुरू केली. आमचे ठाणेदार, ज्यांना आमच्याकडे टीआय म्हणतात, चंबळकडचे, कमी बोलणारे. त्यांनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, ये आज ही होना था.

संध्याकाळच्या आत खबर आली. गढा बाजारात फुलं विकणारा आमचा एक मुखबीर, म्हणजे खबऱ्या, होता. तो म्हणाला, दीदी सकाळी एका ऑटोत बसल्या, हातात पिशवी होती, आणि ऑटोवर समोरच्या पक्षाचा झेंडा होता. चौकातल्या कॅमेऱ्यात ऑटो दिसला, नंबरही मिळाला. गोहलपुरातून त्याला आणलं, तोपर्यंत झेंड्याची बातमी आमच्या आधी बाजारात पोचली होती. ठाण्यासमोर विधायकजींचे कार्यकर्ते जमले. अपहरणाचा गुन्हा लिहा, नाहीतर आम्हीच गोहलपुरात जातो, अशी भाषा सुरू झाली. तिकडे गोहलपुरातही माणसं जमायला लागल्याचा निरोप आला. ऑटोवाल्याची बायको आणि म्हातारी आई ठाण्याच्या अंगणात चिंचेखाली येऊन बसल्या. गुन्हा दाखल झाला असता तर तो सरळ तुरुंगात गेला असता, आणि मध्ये आम्ही असताना दोन मोहल्ले एकमेकांवर धावले असते. 

चौकशी टीआय साहेबांनी स्वतः केली. मी बाजूला लिहायला बसलो होतो. ऑटोवाला चाळिशीचा, दाढी राखलेला, शांत माणूस. झेंड्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, साहब, झंडा तो किराये का है, चुनाव बाद दूसरा लगेगा. दीदींना कुठे नेलंस विचारलं तर म्हणाला, सवारी थी, उतर गई. कुठे उतरली? जहाँ उतरना था. साहेबांनी आवाज चढवला, समजावलं, तुरुंगाचा धाक घातला. त्याने मान खाली घातली, पण यापुढे शब्द नाही.

आरोपीसमोर बसण्यात माझं आयुष्य गेलं. ज्याच्या मनात पाप असतं तो दाराकडे बघतो, कोण येतंय, कुणाला आत आणताहेत. हा माणूस दाराकडे एकदाही बघत नव्हता. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. साहेब बाहेर जमावाला समजवायला गेले तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, “दीवानजी, दूज कल ही है न?” मी म्हटलं, हो, भाऊबीज उद्याच. तो परत घड्याळाकडे बघायला लागला. मला वाटलं, याला भीती नाही, याला वाट पाहायची आहे. काहीतरी उद्यापर्यंत तोलून धरलंय याने.

मी साहेबांची परवानगी काढून दीदींच्या घरी गेलो. घराची झडती आधी एका जमादाराने घेतली होती. झटापटीची खूण नाही, कपाट जागच्या जागी. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबलो. कोपऱ्यात फरशीवर खसखशीचे दाणे सांडलेले होते. कितीतरी वर्षं मी ते कुणाच्या फरशीवर पाहिले नव्हते. माझ्या घरी अनारसे होत नाहीत. बायकोला येत नाहीत आणि मुलांना त्याचं नावही सरळ घेता येत नाही.

दीदींची सून डोळे पुसत उभी होती. जबलपूरचीच मुलगी, मराठी बोलताना हिंदीत घसरणारी. मी विचारलं, अनारसे कुणी केले?

“आईंनीच. दिवाळीच्या आधीपासून तांदूळ भिजवून राहिल्या होत्या. मी म्हटलं, अच्छा, इतके कमी काहून? तर म्हणाल्या, ज्याला आवडतात त्याच्यापुरतेच.”

“कोणाला आवडतात?”

“यांना नाही आवडत. पोरं तर हात नाही लावत, बोलतात ये क्या है.”

“विधायकजींना?”

“त्यांना तर शुगर आहे, काका.”

डबा कुठे आहे म्हणून विचारलं. तिने फडताळ उघडलं, खालचा कप्पा पाहिला, परत वरचा पाहिला. डबा नव्हता. मग मी देवघराकडे गेलो. चांदीचं तबक आणि चांदीचं निरांजन चिंचेने घासून लखलखीत करून ठेवलं होतं. पण त्याच्या शेजारी धुळीत एक गोल डाग होता, तिथे रोज काहीतरी असायचं. सुनेने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, इथे पितळेचं निरांजन असतं, जुनं, आईंच्या मायेरचं.

अनारशाचं पीठ एका दिवसात होत नाही. तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून मुरवायचे. म्हणजे दीदींनी हे जाणं दिवाळीच्या आधीच ठरवलेलं होतं. पळवून नेलेल्या बाईला अनारसे बांधून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि ती माहेरचं निरांजन निवडून नेत नाही. मामाकडून आलेला नकार खोटा होता. आम्ही सगळे दीदींचा शत्रू शोधत होतो. त्यांना एक सख्खा भाऊ आहे आणि उद्या भाऊबीज आहे, हे आम्हा एवढ्या मराठी माणसांच्या, अगदी मामाकडे फोन लावणाऱ्या त्यांच्या पोराच्याही, डोक्यात एकत्र आलं नाही. आमच्या डोक्यात त्यांचा भाऊ म्हणजे विधायकजीच बसले होते.

ठाण्यात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. सांगताना मलाच माझं बोलणं पोरकट वाटत होतं. साहेबांनी विचारलं, “ये अनारसा होता क्या है, दीवानजी?” मी समजावून सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मी म्हटलं, परत फोन लावून बघू का?

“फ़ोन पर मना कर चुके हैं. फिर पूछेंगे, फिर मना करेंगे. और बाहर बात फूटी, तो हमसे पहले विधायकजी की गाड़ी वहाँ खड़ी होगी.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फ़ोन पर किसी को दस्तयाब नहीं करते. आप जाइए. आँख से देखिए, बयान लीजिए. महिला आरक्षक साथ ले लीजिए. और बस से जाइए.”

मी म्हटलं, साहेब, जीप घेतली तर लवकर पोचू.

“बस से, दीवानजी.”

दस्तयाब म्हणजे हरवलेलं माणूस सापडल्याची कागदावरची नोंद. बाकी त्यांना काय म्हणायचं होतं ते मला जिना उतरताना कळलं: जीपने गेलो तर दीदींना अर्जाच्या वेळेआधी परत आणता आलं असतं, बसने नाही. ऑटोवाल्याला बाहेर सोडलं असतं तर जमावाने त्याला धरला असता, म्हणून तो ठाण्यातच राहणार होता. पहाटे निघताना मी त्याच्यासमोर थांबलो. तो जागाच होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, मनसरला बस थांबते ना?

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. “रुकती है. फाटे पर.” मग चपापून म्हणाला, “मैंने कुछ नहीं कहा, दीवानजी.”

“मी तरी कुठे काही ऐकलं?”

बस सिवनी सोडून कुरईच्या घाटात लागली आणि दोन्ही बाजूंना सागाचं रान सुरू झालं. हीच वाट माझ्या मामाचा हात धरून मी उलटी आलो होतो. खवासाच्या पुढे दुकानांवरच्या पाट्या मराठी झाल्या. सोबतची महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, रीवाकडची. तिने विचारलं, दीवानजी, तबीयत ठीक है? मी खिडकी लावून घेतली आणि म्हटलं, धूळ आहे. मनसरच्या ठाण्यात आमद, म्हणजे आल्याची नोंद, लिहिली, तिथला एक शिपाई घेतला आणि धानाच्या बांध्यांमधून गावात गेलो.

दीदी अंगणातच होत्या. उन्हात बाज टाकली होती, बाजेवर त्यांचा भाऊ उशीला टेकून बसवलेला. अंगात काही उरलं नव्हतं, श्वास घेतला की खांदे वर यायचे. समोर रांगोळी, पाट, पितळेचं निरांजन, आणि डबा. आम्हाला पाहून दीदी उठल्या नाहीत.

“आलात? मला वाटलं, विधायकजींची पांढरी गाडी येईल.”

मी म्हटलं, बसने आलो.

भावाने बारीक आवाजात विचारलं, “बाई, पोलीस काहून आले वं?”

“माझ्याच पाठीमागे आले. तू टोपी घाल.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अजून ओवाळायचं राहिलं आहे. तुमचं काम आधी, का माझं?”

मी म्हटलं, तुमचं. आम्ही तिघं गोठ्याच्या सावलीत उभे राहिलो. भावाला पाटावर बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पाट बाजेवर चढवला आणि त्याचे पाय त्याच्यावर ठेवले. टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. अनारसा मोडून त्याच्या तोंडात घातला. त्याला तो गिळायला फार वेळ लागला. 

मग जबाब घेतला. मी माझ्या मर्जीने आले, मला कुणी आणलं नाही, ऑटोवाल्याला मीच शपथ घातली होती की भाऊबीज होईपर्यंत बोलायचं नाही. भाच्यालाही मीच सांगितलं की नाही म्हण. सही केल्यावर मी विचारलं, दीदी, घरी सांगून का नाही आलात? मुलगा वेडापिसा झाला आहे.

“सांगितलं असतं तर सगळ्यांनी प्रेमाने अडवलं असतं. दरसाल अडवतात. भांडून अडवलं तर माणूस तडक निघून जातो. प्रेमाने अडवलं तर कुठून निघायचं, तुम्हीच सांगा.” आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “पुढची भाऊबीज याला नाही, दीवानजी. डॉक्टरांनी सांगून दिलं.”

मी साहेबांना फोन लावला. ते त्या वेळी विधायकजींच्या घरीच होते. ऑटोवाल्याला लगेच सोडायचा निरोप त्यांनी मी फोनवर असतानाच ठाण्यात दिला. मग विधायकजी फोनवर आले. मला दरडावतील असं वाटून मी फोन कानापासून जरा लांब धरला. त्यांनी विचारलं, “दीदी ठीक हैं न?” मी फोन दीदींना दिला आणि आवाज मोठा केला, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

मागे कार्यकर्त्यांचा गलबला होता. आता गाडी पाठवून उपयोग नव्हता, अर्जाची वेळ टळली असती. कुणीतरी ओरडलं, वीडियो कॉल पर लगवा लो.

“फोन को टीका लगाऊँ क्या?” दीदी म्हणाल्या. तिकडचा गलबला थांबला. मग त्या हळू, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलल्या. “भैया, तुमको पहली बार जो टीका लगा था न, वो इसका था. उस दिन इसकी बस नहीं आई थी. मैं ताट लेकर दरवाज़े पर चाँद की राह देख रही थी, तुम आ गए. इतने साल इसका टीका तुमको लगाया. आज इसका इसको लगा दिया. अब तुम जाओ, फॉर्म भरो.”

  मग विधायकजींचा आवाज आला. “दीदी, भैया को मेरा प्रणाम कहना. बेटे की फिकर मत करना.”

त्यांनी त्या दिवशी कोऱ्या कपाळाने अर्ज भरला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत सगळ्या कार्यकर्त्यांचे चेहरे पडलेले होते, त्यांचा एकट्याचा नव्हता. आणि निकालात ते हरले. थोडक्यात हरले, पण हरले. मी याही वेळी मोजणीच्या दारावर होतो. गोहलपूरच्या फेऱ्या निघाल्या तसे ते मागे पडत गेले. बाहेर कार्यकर्ते दीदींच्या नावाने बोटं मोडत होते, आणि मी त्याच संध्याकाळी दोन शिपाई दीदींच्या दारात उभे केले.

शिपायांची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विधायकजी चालत, एकटेच, त्यांच्या घरी आले. ओट्यावर बसले. गल्ली जमली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, दीदी के टीके से नहीं, गोहलपुर के नाले से हारा हूँ, दूसरी बार हारा हूँ. मुलाची नोकरी राहिली. दीदींचा भाऊ थंडी संपायच्या आत गेला. दीदींना घेऊन मनसरला जायला गाडी विधायकजींचीच होती, आणि पुढच्या सीटवर ते स्वतः.

ऑटोवाला सुटला तेव्हा मी ठाण्यात नव्हतो. जमादाराने सांगितलं, की बायको आणि आई रडत होत्या, सगळे विचारत होते मारलं का, काही खायला दिलं का. त्याने फक्त एकच विचारलं, “पहुँच गईं?”

या केसने मला काय शिकवलं ते मी नव्या शिपायांना सांगत आलो. माणूस हरवला की आपण आधी विचारतो, त्याचं वाईट कुणाला करायचं होतं. ते विचारावंच. पण त्याच्या जोडीला हेही विचारावं की त्याला ओढ कशाची होती. बळजबरीने नेलेली माणसं मी नोकरीत मोजकीच पाहिली. ओढीने गेलेली फार. आणि हेही कळलं, की कायदा दया करत नाही असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही. कधीकधी तो बसने जातो.

जबाब घेऊन आम्ही फाट्यावर आलो तेव्हा दुपार कलली होती. एक बस नागपूरकडे चालली होती. तिथून काटोल, आणि काटोलहून ताईचं गाव, अंधार पडायच्या आत पोचलो असतो. महिला आरक्षक म्हणाली, दीवानजी, आप हो आइए, मैं कागज़ ले जाती हूँ. पण दस्तयाबीच्या कागदावर सही माझी लागणार होती आणि ठाण्यासमोरचा जमाव अजून पुरता हलला नव्हता. मी ती बस जाऊ दिली. ताईला फोन केला. कुठे आहेस विचारलं तर मनसरला म्हणालो. ती म्हणाली, “इतक्या जवळ आलास? बरं. चंद्र निघाला की ओवाळते. तो दरसाल येते बिचारा.”

माझी सेवानिवृत्ती व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात ताई गेली. जिला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, हे आपल्या माणसांनी ठरवून ठेवलं आहे. ज्याची बहीण गेली त्याने काय करावं, याची रीत कुणी सांगून ठेवलेली नाही.

दीदी आता भाऊबीजेला दोन पाट मांडतात. एकावर माजी विधायक, दुसऱ्यावर माजी दीवानजी. निरांजन पितळेचंच. फोटोवाले येत नाहीत. विधायकजी शुगरची गोळी खिशातून काढून दाखवतात आणि अनारसा खातात, दीदी त्यांना रागावतात. मी एक खातो आणि एक रुमालात बांधून घेतो.

परत येताना गढ्याच्या गल्लीतून वर पाहिलं की घरांच्या मधल्या फटीत बीजेची कोर दिसते. जरा वेळच असते, मग मावळते. मी तिथे थांबून हात जोडतो. इतकी वर्षं माझ्या वाट्याची ओवाळणी चंद्राने घेतली. ताईकडची सगळी आता त्याच्याचजवळ आहे.